सरकारी अहवाल शेतकऱ्यानें कां व कसे मिळवावे?

शेतीविषयीं सरकार कांहीं करीत नाहीं, ही तक्रार आपल्यांत इतकी रूढ झाली आहे कीं, ती कितपत खरी हें तपासण्याची गरजच कोणास वाटत नाहीं. सरकार पुष्कळ गोष्टी करीत नाहीं हें कबूल. परंतु एक गोष्ट तें गेलीं दीडशें वर्षें नेमानें करीत आलें आहे. ती म्हणजे चौकशी. दुष्काळ पडला कीं समिति, भाव कोसळले कीं आयोग, जमीन बिघडली कीं तज्ज्ञांची पाहणी, हा क्रम इंग्रज सरकारपासून आजच्या लोकराज्यापर्यंत चालू आहे. या चौकशांचे अहवाल छापले जातात, ग्रंथालयांत पोंचतात, आणि तेथें त्यांवर धूळ बसते. ज्याच्या जमिनीची व पिकाची ही चौकशी, त्या शेतकऱ्याच्या हातीं मात्र अहवाल क्वचितच पडतो. आमचें म्हणणें असें कीं, हा दोष एकट्या सरकारचा नाहीं. हे अहवाल आज पूर्वीपेक्षां कितीतरी सुलभ झाले आहेत, बहुतेक विनामूल्य मिळतात, आणि ते न मिळविल्यानें आपलें रोकड नुकसान होत आहे.

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. सातबाऱ्याच्या एका ओळीसाठीं तालुक्याच्या गांवीं चार खेपा घालणारा शेतकरी आम्हीं रोज पाहिला. तेव्हां कागदाची किंमत शेतकऱ्यास कळत नाहीं, असें निदान आमच्यापुढें कोणीं म्हणूं नये. हक्काचा कागद तो जिवापाड जपतो. ज्ञानाचा कागद मात्र आपला नव्हे, तो साहेबांचा, अशी त्याची समजूत आहे. वस्तुतः दोन्ही कागद त्यानेंच दिलेल्या पैशांतून तयार झाले आहेत.

नुकसान कसें होतें, हें सांगण्यासाठीं तीन उदाहरणें घेतों. पहिलें खारवट जमिनींचें. नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वाहूं लागला आणि बारामती-इंदापूरकडील दुष्काळी मुलखांत ऊंस उभा राहिला. पुढें कालव्याखालच्या जमिनींवर ठिकठिकाणीं पांढरा थर दिसूं लागला आणि पिकें मरूं लागलीं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपाल डॉ. हॅरोल्ड मॅन व त्यांचे सहकारी ताम्हणे यांनीं या खारवट जमिनींचा अभ्यास केला, आणि मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यानें तो १९१० सालीं ३९ वें बुलेटिन म्हणून प्रसिद्ध केला. कालव्याचा पाझर व पिकास दिलेलें बेसुमार पाणी यांमुळें जमिनींतील पाण्याची पातळी वर येते. निचरा नसला कीं तें पाणी मातींतून वर चढून उन्हानें उडून जातें आणि त्यांतील क्षार मागें राहतो. एवढी ही गोष्ट. तिची चौकशी होऊन शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. पुढें कालवे वाढले, कृष्णाकाठीं उपसा सिंचन आलें, आणि सांगली-कोल्हापूरकडील सोन्यासारख्या काळ्या जमिनी त्याच रोगानें खराब झाल्या. इंदापूरचा अनुभव शिरोळच्या शेतकऱ्यास वेळेवर वाचावयास मिळता, तर त्याचे पाट तरी त्यानें हात राखून फोडले असते.

येथें आणखी एक भेद ध्यानांत घेण्याजोगा आहे. क्षारयुक्त जमीन निराळी आणि चोपण जमीन निराळी. पहिलींत विद्राव्य क्षार अधिक असतात. तिला निचरा काढून गोड्या पाण्यानें क्षार धुवून टाकणें हाच उपाय आहे. दुसरींत मातीच्या कणांस सोडियम चिकटलेला असतो, सामू साधारणपणें ८.५ च्या वर जातो, आणि विनिमयशील सोडियम शेंकडा १५ च्या वर असतो. तिला जिप्सम व त्याबरोबर निचरा लागतो. हा भेद कृषि विद्यापीठांच्या आणि कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या प्रकाशनांत सविस्तर मांडलेला आहे. तो माहीत नसलेला शेतकरी माती न तपासतां दुकानदार देईल तें पोतें आणून ओततो. पोत्याचे पैसे जातात, जमीन जशीच्या तशी राहते, आणि निचऱ्याचा चर काढण्याचें आणखी एक वर्ष फुकट जातें.

दुसरें उदाहरण बोअरचें. उन्हाळा लागला कीं गांवोगांव बोअरच्या गाड्या फिरूं लागतात. तळहातावर नारळ धरून पाणी सांगणाऱ्यास मान मिळतो. एक बोअर कोरडी गेली म्हणून त्याच शेतांत दुसरी, मग तिसरी घेतली जाते. पहिलीचें कर्ज अद्याप फिटलेलें नसतें. आपल्या राज्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे. त्यांत पाणी सांठतें तें मुख्यतः वरच्या झिजलेल्या मुरमांत आणि खडकाच्या भेगांत. खोल गेल्यानें अधिक पाणी लागेलच, असा नियम नाहीं. १९७२ सालीं स्थापन झालेली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी नेमानें मोजते. राज्याचीं दीड हजारांवर पाणलोट क्षेत्रें पाडलेलीं असून, कोणतें सुरक्षित, कोणतें शोषित व कोणतें अतिशोषित, हें ती केंद्रीय भूजल मंडळाच्या सहकार्यानें ठरविते. मंडळाचे जिल्हावार अहवालही प्रसिद्ध होतात. आपल्या शिवारांतील पाणी ओढून संपलें आहे हें ज्यानें अहवालांत वाचलें, तो दुसऱ्या बोअरचे पैसे जुनी विहीर साफ करण्याकडे अथवा ठिबकाकडे वळवील. निदान विचार तरी करील.

तिसरें उदाहरण भावाचें, आणि यांत सर्वांचाच जीव गुंतलेला आहे. डॉ. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगानें २००४ ते २००६ या काळांत पांच अहवाल दिले. आज असें एकही शेतकरी व्यासपीठ नसेल, जेथें या अहवालाचें नांव निघत नाहीं. पण तो उघडून वाचलेले किती? हमीभाव उत्पादनखर्चाच्या भारित सरासरीपेक्षां निदान निम्म्यानें अधिक असावा, अशी त्यांत शिफारस आहे. हा खर्च कोणता धरावयाचा, यावरच सगळा वाद आहे. प्रत्यक्ष खिशांतून झालेला खर्च म्हणजे ए-२. त्यांत घरच्या माणसांच्या मेहनतीची मजुरी मिळविली कीं दुसरा आंकडा येतो. स्वतःच्या जमिनीचा खंड व स्वतःच्या भांडवलाचें व्याजही धरलें कीं सी-२ होतो. २०१८ च्या खरिपापासून केंद्र सरकार दीडपट म्हणतें, तें दुसऱ्या आंकड्याच्या. शेतकरी संघटना मागतात ती सी-२ च्या. हा फरक कागदावर दाखवितां आला नाहीं, तर सभेंत कितीही गर्जना केली तरी समोरचा अधिकारी गालांत हंसून निघून जातो.

हे आंकडे कांहीं गुप्त नाहींत. १९६५ सालीं स्थापन झालेला व १९८५ पासून कृषि उत्पादनखर्च व मूल्य आयोग या नांवानें ओळखला जाणारा आयोग खरीप, रब्बी, ऊंस इत्यादींचे अहवाल प्रसिद्ध करतो, आणि त्यांत राज्यवार खर्चाचे तक्ते असतात. महाराष्ट्रांतील खर्चाची माहिती राहुरीच्या कृषि विद्यापीठामार्फत गोळा होते. आपल्या तुरीस वा सोयाबीनला प्रत्यक्ष किती खर्च आला आणि तक्त्यांत किती धरला आहे, हें ताडून पाहणें कोणत्याही हिशेबी शेतकऱ्यास अवघड नाहीं. जेथें अंतर पडतें तेथें बोट ठेवून बोलावें. अशा बोलण्यास वजन येतें.

आतां हे अहवाल मिळवावे कोठून? प्रथम ग्रंथालयांचें पाहूं. महाराष्ट्रांत १९६७ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. जिल्ह्याच्या ठिकाणीं शासकीय ग्रंथालय असतें व तालुक्यांत अनुदानावर चालणारीं ग्रंथालयें असतात. तेथें कादंबऱ्या मागणारे पुष्कळ. अहवाल मागणारा कोणी नाहीं, म्हणून ग्रंथपालही ते मागवीत नाहीं. मागणी केली पाहिजे. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चारही कृषि विद्यापीठांचीं ग्रंथालयें आहेत. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंत जुन्या आयोगांचे व समित्यांचे अहवाल मोठ्या संख्येनें आहेत. १९५४ च्या केंद्रीय कायद्यान्वयें प्रत्येक प्रकाशनाची प्रत मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई येथील चार ग्रंथालयांस द्यावी लागते, आणि निव्वळ कचेरीच्या उपयोगाचीं पुस्तकें वगळतां हा कायदा सरकारी प्रकाशनांसही लागू आहे. नवीन प्रकाशनें विकत हवीं असल्यास शासकीय ग्रंथागारांत चौकशी करावी. किंमत बाजारच्या पुस्तकांच्या मानानें बेताची असते.

पण मुंबई-पुण्यास जाण्यास सवड कोणास आहे? येथें इंटरनेटचा खरा उपयोग आहे. ज्या मोबाइलवर आपलीं पोरें रात्रभर चित्रें पाहतात, त्याच मोबाइलवर हे अहवाल येतात. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या 'कृषिकोश' या संगणकीय भांडारांत कृषि विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचे प्रबंध आहेत. आपल्याच जिल्ह्यांतील डाळिंब, कांदा वा मोसंबी यांवर लिहिलेला प्रबंध त्यांत सांपडणें अशक्य नाहीं. गोखले संस्थेनें आपल्या संग्रहांतील कित्येक जुने ग्रंथ व अहवाल संगणकावर खुले ठेवले आहेत. 'इंटरनेट आर्काइव्ह' या परदेशी भांडारांत भारतांतील लाखों जुनीं पुस्तकें आहेत. खरगपूरच्या आयआयटीमार्फत चालणारी भारताची राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी अनेक संग्रहांचा एकत्र शोध घेऊं देते. राज्याच्या दर्शनिका विभागानें जिल्ह्यांचीं गॅझेटिअरें खुलीं केलीं आहेत, आणि शासननिर्णय तर मराठींतच व विनामूल्य मिळतात.

शोधण्याचीही एक रीत आहे. दप्तरखान्यांत गांव, गट व साल सांगितल्यावांचून कागद सांपडत नाहीं. तोच न्याय येथें. विषय, साल, खातें व अध्यक्षाचें नांव, यांपैकीं दोन तरी हातीं असावीं. १९२८ चा शाही कृषि आयोगाचा अहवाल 'लिनलिथगो' या नांवानेंही सांपडतो. जुन्या इंग्रजी कागदांत पुण्याचें 'पूना' व सोलापूरचें 'शोलापूर' असतें. यंत्रांत नांवें चढविणारांनीं चुकाही पुष्कळ केल्या आहेत. म्हणून एका लेखनानें सांपडलें नाहीं तर दुसऱ्यानें शोधावें, आणि लांबलचक मथळ्याऐवजीं त्यांतील दोन ठळक शब्दच घालावे. संकेतस्थळांचे पत्ते वरचेवर बदलतात, म्हणून पत्ता पाठ करण्यापेक्षां संस्थेचें नांव ध्यानांत ठेवणें बरें.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. १९५६ पूर्वींचा कागद शोधतांना आपला जिल्हा त्या वेळीं कोणाच्या अंमलाखालीं होता हें आधीं पाहावें. देश, खानदेश व कोकण मुंबई इलाख्यांत होते. तेथील कागद मुंबईच्या नांवावर निघतात. वऱ्हाड-नागपूरकडचे मध्यप्रांत व वऱ्हाडच्या नांवावर, मराठवाड्याचे हैदराबादच्या नांवावर. कोल्हापूर, सांगली हीं संस्थानें असल्यानें त्यांचे कारभाराचे अहवाल वेगळे. बीडच्या माणसानें मुंबईच्या यादींत शोधलें तर त्यास कांहींच मिळणार नाहीं, आणि आपल्याकडे कोणीं पाहणीच केली नाहीं असा त्याचा गैरसमज होईल.

जुने कागद आज काय कामाचे, असें कोणी विचारील. औषधाची मात्रा जुन्या पुस्तकांतून घेऊं नये हें खरेंच. पण जमीन, पाऊस व पाणी यांचा स्वभाव समजण्यास जुना कागदच लागतो. १९३३ नंतर सोलापूर येथें कोरडवाहू शेतीवर जे प्रयोग झाले, त्यांचा विचार कानिटकर यांच्या १९४४ सालच्या ग्रंथांत आहे. बांध, ओल व पेरणीचें अंतर हे प्रश्न आजही तेच आहेत. डॉ. मॅन यांनीं १९१७ सालीं पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी प्रसिद्ध केली. तेथील सरासरी धारणक्षेत्र १७७१ सालीं ४० एकर होतें, तें १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आलें, असें त्यांनीं दाखविलें. आज तें गांव शहराचा भाग झालें आहे. वांटणीची तीच रीत आपल्या गांवीं चालू असतां नातवाच्या वांट्यास काय उरेल, हें हा एक आंकडा दहा व्याख्यानांपेक्षां स्पष्ट सांगतो.

वाचतांना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जाण्याची गरज नाहीं. आधीं सारांश व शिफारशी वाचाव्या, मग आपल्या जिल्ह्याचा तक्ता काढावा. पाहणी कोणत्या सालीं झाली, जमीन कोणती होती, पाऊस किती होता, हें पाहिल्यावांचून निष्कर्ष आपल्या शेतास लावूं नये. नाशिकच्या द्राक्षबागेंतील प्रयोग लातूरच्या कोरडवाहू रानास लागू नाहीं. तसेंच, 'सरकारच्या अहवालांत आलें आहे' असें सांगणारा संदेश मोबाइलवर आला, तर साल व पान विचारावें. ज्यास तें सांगतां येत नाहीं, त्याचें म्हणणें बाजूस ठेवावें. मग तो पुढारी असो वा खतविक्या.

मुख्य अडचण भाषेची, हें आम्हांस मान्य आहे. आमचें स्वतःचें शिक्षण मराठी शाळेंतलें. इंग्रजी अहवालाच्या भाषेचा त्रास काय असतो हें आम्ही जाणतों. परंतु सर्वच इंग्रजींत आहे असें नाहीं. राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षीं मराठींतही निघते. जिल्ह्याचें सामाजिक व आर्थिक समालोचन मराठींत असतें. बाकीच्यांसाठीं घरांत कॉलेजांत शिकणारी मुलगी वा मुलगा असतो. त्याच्याकडून दोन पानें वाचून घेण्यांत कमीपणा नाहीं. यंत्रानें केलेलें भाषांतरही हल्लीं मिळतें. त्यानें मतलब कळतो. मात्र आंकडे, मात्रा व औषधांचीं नांवें मुळाशीं ताडून पाहिल्यावांचून फवारणीस हात घालूं नये.

अहवाल कोठेंच मिळेना, तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. १० रुपयांच्या शुल्कासह साधा अर्ज करावा. ३० दिवसांत उत्तर देणें अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमांत माहिती आपण होऊन प्रसिद्ध करण्याचें, व तसें करतांना स्थानिक भाषा ध्यानांत घेण्याचें, कर्तव्य सरकारी कचेऱ्यांवर टाकलें आहे. याच कलमावर बोट ठेवून, शेतीविषयक प्रत्येक अहवालाबरोबर पांच-दहा पानांचा मराठी सारांश निघाला पाहिजे, अशी मागणी आपण केली पाहिजे. ज्याच्या नांवानें चौकशी झाली त्यास निकाल त्याच्या भाषेंत न सांगणें, हा कोणत्या कचेरीचा न्याय?

सरकारवर सर्व भार टाकून मोकळें होतां येणार नाहीं. आमची संघाच्या सभासदांस सूचना अशी आहे. प्रत्येक गांवांतून वाचनाची आवड असलेला एक सभासद निवडावा. त्यानें महिन्यास एक अहवाल मिळवावा, त्यांतील आपल्या तालुक्यापुरता भाग मराठींत उतरून काढावा व तो पारावर वाचून दाखवावा. तालुक्याच्या ग्रंथालयांत एक कपाट व एक वही या कामासाठीं मागावी. कोणता अहवाल कोठें मिळाला हें त्या वहींत लिहून ठेवावें, म्हणजे दुसऱ्यास पुन्हां तीच पायपीट नको. खर्च फारसा नाहीं. लागतो तो नेम.

अहवाल वाचून पाऊस पडत नाहीं, असें कोणी थट्टेनें म्हणेल. खरें आहे. पण पाणी कोठें मुरतें, जमीन कशानें मरते आणि आपल्या घामाची किंमत सरकारी तक्त्यांत किती लावली आहे, हें त्यांतच लिहिलेलें आहे. सातबाऱ्यावरील नांव चुकलें तर आपण स्वस्थ बसत नाहीं. ज्या कागदांत आपल्या शेताचें भवितव्य लिहिलें आहे, तो न वाचतां स्वस्थ बसणें हिशेबी कुणब्यास शोभत नाहीं. येत्या खरिपापूर्वीं प्रत्येक सभासदानें आपल्या पिकाचा निदान एक तक्ता काढून तो आपल्या खर्चाशीं ताडून पाहावा, एवढीच आमची विनंती.